टाचणीमावशीचा दीड इंच

आमच्या इमारतीत एक गोष्ट पक्की ठरलेली होती. दुसऱ्या मजल्यावरची टाचणीमावशी दर बुधवारी सकाळी कुणाची तरी वाट बघते.

कुणाची, यावर मात्र एकमत नव्हतं. सहा वाजले की ती खिडकीत येऊन उभी राहायची, पासपोर्टच्या फोटोसाठी उभं राहावं तशी. मान ताठ, हात खाली, नजर समोर. बरोबर साडेसहाला आत. मंगळवारी नाही, गुरुवारी नाही, फक्त बुधवारी. तळमजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क, ज्यांना पहाटे झोप नसते आणि दिवसा काम नसतं, ते घसा खाकरून सांगायचे, "माझा आपला अंदाज आहे हं, पुरावा नाही, अंदाज! नवरा बसचा ड्रायव्हर. बुधवारची गाडी घेऊन यायचा. तो गेला त्याला झाली नऊ वर्षं, पण डोळ्यांना कोण सांगणार?" पार्लरवालीला हे अजिबात पटायचं नाही. "काहीतरीच काय काका! नवऱ्यासाठी कुणी इतक्या सकाळी केस विंचरून उभं राहतं का? दुसरं कुणीतरी आहे. मी चेहरे वाचते, माझा धंदाच आहे तो." दूधवाल्याचं वेगळंच. "मला वाटायचं माझीच वाट बघतात. पण बुधवारीच नेमकं म्हणतात, आत्ता नको, साडेसहानंतर ये. आता बोला!"

या तिघांचेही आवाज मला हुबेहूब येतात. त्यामुळे ही अफवा चारही मजल्यांवर पोचवण्यात माझ्या घशाचा वाटा फार मोठा आहे. तेव्हा ती खोडून काढायचं कामही माझ्याकडेच आलं.

मावशी कुणाचीही वाट बघत नव्हती. तिने गोळी घेतलेली असायची.

हाडांची गोळी. आठवड्यातून एकच. उठल्याउठल्या, रिकाम्या पोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही, दुसरं औषध नाही. आणि गिळल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. ताठ बसायचं, नाहीतर उभं राहायचं. नाहीतर ती गोळी गळ्याखालच्या नळीत रेंगाळते आणि तिथे भाजल्यासारखी जखम करते. हे सगळं मला कळलं ते माझ्या शाळेच्या स्कर्टमुळे. सहलीची बस सातला, स्कर्ट दोन इंच लांब, आणि आईने हे आदल्या दिवशी लक्षात आणून दिलं तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. बुधवारी सहा वाजून पाच मिनिटांनी मी मावशीचं दार वाजवलं. तिने दार उघडलं, स्कर्ट बघितला, स्टुलाकडे बोट केलं आणि म्हणाली, "बस तिथे. साडेसहापर्यंत मला वाकता येत नाही. आणि बोलू नकोस, आत्ता फोन येईल."

टाचणीमावशी हे नाव तिला इमारतीने दिलं होतं, कारण तिच्या ओठांत कायम पाच-सहा टाचण्या असायच्या. समोरच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. दारावर पाटी, 'कपडे लहान-मोठे करून मिळतील'. नवीन ती काही शिवायची नाही. पस्तीस वर्षं तिने दुसऱ्यांनी शिवलेले, बाजारातून आणलेले, मोठ्या भावाचे उतरलेले, लग्नानंतर घट्ट झालेले कपडे माणसांच्या मापाला आणले. टाचण्या तोंडात धरून ती जे बोलायची, ते माझं सगळ्यात गाजलेलं सोंग. "म्म, वळ. म्म, हात खाली. श्वास सोड. सोड म्हणते ना! पोट आत ओढून उभी राहिलीस तर कपडा तुझ्या खोटेपणाला बसेल, तुला नाही." मी हे जिन्यात केलं की लोक भिंतीला टेकून हसायचे. तिने एकदा ते ऐकलं. रागावली नाही. म्हणाली, "टाचण्या डाव्या बाजूला धरते मी. तू उजव्या बाजूने बोलतेस." तेव्हापासून मला ती 'ए रेडिओ' म्हणते.

तर त्या बुधवारी फोन आला. मुलाचा. तो विमानाने सहा तास लांब राहतो. तिकडे तेव्हा साडेआठ वाजलेले असतात आणि तो गाडीतून कामावर निघालेला असतो. मावशीने फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, आवाज मोठा केला आणि परत ताठ झाली.

"हं आई, बोल."

मावशी बोलली. खालच्या नळाला दोन दिवस पाणी बारीक येतंय. पार्लरवालीने पाटी बदलली. चार नंबरमधल्या मुलाला नोकरी लागली, त्याच्या पहिल्या सूटच्या बाह्या कमी करून दिल्या. मुलगा "हं" म्हणत होता. मग "हं, हं." मग "अच्छा." मध्ये एकदा कुणाच्या तरी गाडीला शिवी, मग "तुला नाही गं, बोल." आणि अकराव्या मिनिटाला, मावशी वाक्याच्या मध्यावर असताना, आवाज तुटला.

"ठेवला?" मी न राहवून विचारलं.

"ठेवत नाही. त्याची गाडी तळघरात शिरते. तिथे रेंज नाही." तिने घड्याळाकडे पाहिलं. "अजून बारा मिनिटं आहेत."

ती बारा मिनिटं मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. या बाईला मी कधी रिकाम्या हातांनी पाहिलंच नव्हतं. तिला ते जमतही नव्हतं. अंगठा आणि पहिलं बोट आपोआप एकमेकांवर घासत होते, सुई धरल्यासारखे. नंतर तिने मला सांगितलं की उभ्याउभ्या ती मनात तुरपाई करते. झग्याच्या पूर्ण घेराला अर्धा तास लागतो. सुरुवातीला खुर्चीत बसून बघितलं, पण डुलकी लागून ती घसरायला लागली, म्हणून खिडकीत उभी. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. समोर बंद दुकानांची शटरं आणि एक खांब. बाकी सहा दिवस काम अंगावर येऊन पडतं, गिऱ्हाइकं येतात, मशीन वाजतं. बुधवारच्या त्या अर्ध्या तासात काहीच वाजत नाही, आणि घरात आपण किती जण आहोत ते मोजायला फार वेळ लागत नाही.

गोळी मागे लागली ती मनगटामुळे. वर्षापूर्वी मावशी पडलीसुद्धा नव्हती. कपड्यांचं गाठोडं ओढताना तोल गेला, हात टेबलावर टेकला आणि मनगट मोडलं. नुसतं टेकल्यावर! हाडांच्या डॉक्टरीणबाई वयाने तिच्या सुनेएवढ्या. त्यांनी मशीनखाली झोपवून हाडांची घनता मोजली आणि चित्र काढून दाखवलं. "हाड आतून असं घट्ट जाळीचं असतं. तुमच्या जाळीची भोकं मोठी झालीत."

"विरलंय म्हणा ना," मावशी म्हणाली. "कोपराला विरतं तसं. रफू होतं का?"

"नवीन करता येत नाही. पण आणखी विरायचं थांबवता येतं. गोळी चुकवायची नाही. कॅल्शियम वेगळं, जेवणानंतर. रोज चालायचं. आणि पडायचं नाही."

"ते मी ठरवून करत नाही हो."

मुलगा चार दिवसांसाठी आला. तो विमा कंपनीसाठी इमारती तपासतो. कुठे तडा गेलाय, कुठे ओल आलीय, काय कोसळणार आहे, हे पाहून अहवाल देणं हा त्याचा धंदा. टेबलाशी वही घेऊन बसला आणि आईचाही अहवाल दिला. "आई, या वेळी मनगटावर भागलं. पुन्हा असं काही झालं, काहीही, छोटंसुद्धा, तर मग चर्चा नाही. हे घर विकायचं, मशीन कुणालातरी द्यायचं आणि तू तिकडे यायचं."

तिकडे म्हणजे बाराव्या मजल्यावर. मावशी एकदा वीस दिवस राहून आली होती. साडेआठला मुलगा, सून, नात तिघंही आपापल्या वाटांनी बाहेर. तिघंही संध्याकाळी दमून परत. दिवसभर ती आणि कपडे धुवायचं यंत्र. "ते यंत्र काम झालं की गाणं म्हणतं," ती मला सांगायची. "मी त्याला बरं बाई म्हणायचे. दुसरं होतं कोण?" त्या घरात कुणाची शिवण उसवत नव्हती. उसवली की कपडा टाकायचे आणि नवा आणायचे. विसाव्या दिवशी तिने नातीच्या जीन्सचा फाटलेला गुडघा सुंदर शिवून दिला. ती फॅशन होती. नात दोन तास रडली.

म्हणून मावशी गोळी एकही बुधवार चुकवत नव्हती. लोकांना दिसायची ती खिडकीतली बाई. प्रत्यक्षात ती तिथे उभी राहून आपलं घर राखत होती.

मग झगा पायात आला.

मावशी पायघोळ झगे घालते, सगळे स्वतःच्या हाताने बेतलेले, घोट्याच्या हाडाला बरोबर टेकणारे. एक दिवस मशीनकडे जाताना पुढची कड चपलेखाली आली. तिला वाटलं कापड ताणलं. दुसरा झगा काढला, तोही लोळला. तिसराही. एक कापड ताणतं. तीन ताणत नाहीत. आणि गंमत अशी की झगे पुढून लोळत होते आणि मागून उचलले जात होते. याचा अर्थ पस्तीस वर्षं हेच बघणाऱ्या बाईला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असे कपडे घेऊन तिच्याकडे म्हातारी माणसं यायची आणि म्हणायची, "कापड आटलं वाटतं मागून." ती त्यांना कधी खरं कारण सांगायची नाही. टाचण्या तोंडात धरायची आणि "म्म, करून देते" म्हणायची.

तिने जिन्यातून मला हाक मारली. "ए रेडिओ! टेप धरता येतो का?"

भिंतीला टाचा लावून ती उभी राहिली. मी तिच्या डोक्यावर वही आडवी धरली, पेन्सिलीची खूण केली, टेप लावला. "चार फूट साडेअकरा इंच."

"नीट बघ."

मी पुन्हा मोजलं. तेवढंच.

तिने मापांची जुनी वही काढली. शेवटच्या पानावर तिचं स्वतःचं माप होतं, तिच्या अक्षरात नाही, वाकड्यातिकड्या मोठ्या अक्षरात. कोट शिवायचा होता तेव्हा स्वतःचं माप स्वतःला घेता येईना, म्हणून नवऱ्याने घेतलं होतं. उंची पाच फूट एक इंच. खाली त्याने लिहिलं होतं, 'टाच उचलत होती, दोनदा मोजली.'

"दीड इंच," मावशी म्हणाली. वही मिटली. "आयुष्यभर लोकांचे कपडे लहान केले. आता मलाच कुणीतरी वरून आल्टर करतंय."

मी हसले. तिनेही थोडा वेळ साथ दिली.

डॉक्टरीणबाईंनी पाठीचा फोटो काढला. दोन मणके दबले होते, आवाज न करता. "दुखलं नाही कधी?" "दुखलं असेल. मशीनवर बसून दुखतंच." गोळीचं काय चुकलं, असं मावशीने विचारलं. बाई म्हणाल्या, गोळीचं काही चुकलेलं नाही. मणके बहुधा ती सुरू होण्याआधीच बसले असतील, हळूहळू. घनता नव्या तपासणीत टिकून आहे, थोडी वरच आहे. गोळी काम करतेय, सोडायची नाही. "गेलेली उंची मात्र परत येत नाही हं."

फोटो मोठ्या पाकिटात घालून मावशी घरी आली आणि तो मशीनच्या खणात, कागदी नमुन्यांच्या खाली ठेवून दिला. पुन्हा असं काही, काहीही, छोटंसुद्धा. दोन मणके यात बसत होते.

त्याच आठवड्यात, बुधवारच्या फोनच्या नवव्या मिनिटाला, मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यात तीन दिवस येतोय. घरही बघून घेतो एकदा. तुझे रिपोर्ट काढून ठेव." पुढचं तळघरात गेलं.

मावशीने तो महिना कामात घातला, आणि या वेळी गिऱ्हाईक ती स्वतः होती. सात झगे उसवले. पुढून दीड इंच, बाजूंना एक, मागे जवळपास काही नाही, म्हणजे कड पुन्हा जमिनीला समांतर. मान पुढे झुकल्यामुळे गळा मागून सुटत होता, तिथे दोन बारीक चुण्या. पाठीच्या बाकाला जागा मिळावी म्हणून खांद्याच्या शिवणीतली माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, सोडली. इतकं सफाईदार काम की झगा घालून ती उभी राहिली की मापात कुठे खोट दिसेना. नुसते कपडेच नाहीत. सुताराला बोलावून मशीनवरचं दोऱ्यांच्या डब्यांचं फळकूट चार बोटं खाली घेतलं, कारण ती हात वर करून धडपडताना मुलाला दिसायला नको. आरसा दोन बोटं खाली. कपडे वाळत घालायची दोरी खाली. सुतार वैतागून म्हणाला, "मावशी, छत पण घेऊ का खाली?"

नवऱ्याने घेतलेल्या मापाचा तिचा जुना कोट तेवढा तसाच राहिला. "वेळ झाला नाही," ती म्हणाली.

मी स्टुलावर बसून हे सगळं बघत होते. "काही उपयोग नाही," मी म्हटलं. "तो ओळखणार. तू सांगतेस ना, केसाएवढा तडा गेला तरी त्याला खालून, रस्त्यावरून दिसतो? मग आई दिसणार नाही?"

"नाही दिसणार."

"दिसणार! पहिल्या पाच मिनिटांत."

"लाव पैज."

"लावली! काय?"

तिने ओठांतल्या टाचण्या काढून उशीत खोचल्या. "तू हरलीस तर मी मागेन ते. मी हरले तर..." ती मशीनकडे बघून म्हणाली, "मी हरले तर हे मशीन तसंही द्यावंच लागेल. तूच ने."

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. "म्हणजे मी जिंकले तर तू जाणार?"

"मग हरायचं बघ," मावशी म्हणाली.

तेवढ्यात वातावरण हलकं करावं म्हणून मी तिच्या मुलाचा आवाज काढला. भुवई जरा वर, लक्ष रस्त्यावर, नाकातून, "हं आई, बोल." इतका हुबेहूब निघाला की मावशी खळखळून हसली आणि पुढच्याच क्षणी तिने खरोखर तोंड उघडलं, सांगायला. काहीतरी होतं तिच्याकडे सांगण्यासारखं. मग तिने तोंड मिटलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तिसऱ्या खेपेला गेला.

मुलगा सोमवारी आला. दारातच त्याने तिला जवळ घेतलं. पूर्वी तिचं कपाळ त्याच्या हनुवटीला लागायचं. या वेळी नाक त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाला लागलं. बटण सैल होतं, हे तिने पाहिलं. तो तिच्या डोक्यावरून आत बघत होता. "खिडकीच्या वर तडा आलाय आई. कधीपासून आहे?"

"असेल दोन-तीन वर्षं."

"वाढतोय. बघ, खालून रुंद आहे." आणि मग तिच्याकडे बघून, खांदे धरून, "तू मात्र अगदी होतीस तश्शी आहेस."

पहिली पाच मिनिटं गेली होती. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं.

मंगळवारी त्याने घर तपासलं. मोरीतली ओल, गॅलरीचा कठडा, विजेचा जुना बोर्ड. मशीनच्या बाजूने वळला आणि दोऱ्यांच्या फळकुटावर त्याचं डोकं दाणकन आपटलं. चार डबे खाली, रिळं घरभर.

"आई गं! हे एवढं खाली कधी आलं?"

 त्याने एकदा फळकुटाच्या वर हात फिरवला असता तर जुन्या खिळ्यांची भोकं हाताला लागली असती. मग पुढचा प्रश्न आला असता, आणि त्याच्या पुढचा. तिने उत्तर दिलं, "तुझीच उंची वाढली असेल."

"चाळिशीत?" तो हसला, कपाळ चोळलं आणि रिळं गोळा करायला बसला. "तू वाकू नकोस, मी उचलतो." खरोखर सगळी उचलून दिली, रंगांप्रमाणे लावूनसुद्धा. वाईट मुलगा नाही तो. रिळं देताना त्याचा फोन वाजला.

मावशीने रात्री त्याच्या शर्टाचं बटण पक्कं करून टाकलं.

मग बुधवार आला. सहाला तिने गोळी घेतली, ग्लासभर पाणी प्यायली, केस विंचरले आणि खिडकीत उभी राहिली. हेडक्लार्कांनी खालून पाहिलं असेल. पण आजचा बुधवार वेगळा होता. आज फोन यायचा नव्हता, फोन करणारा घरात होता. अकरा मिनिटांच्या जागी पूर्ण तीस मिळतील, तळघर मध्ये येणार नाही. काय काय सांगायचं याची तिने मनात घडी घालून ठेवली होती. मणक्यांचंसुद्धा, असं ती मला नंतर म्हणाली. "तो नुसता शेजारी येऊन उभा राहिला असता ना, तर कदाचित सांगितलंही असतं."

सहा-पाचला तो डोळे चोळत आला. "गोळी ना आज? उभी राहा, उभी राहा, हलू नकोस. तिकडे ऑफिस सुरू झालं, मी जरा गॅलरीत बोलतो." दार ओढून घेतलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. बोलताना तो एका हाताने कठडा हलवून बघत होता, पक्का आहे का. साडेसहाला मावशीने मनातली तुरपाई संपवली आणि चहा ठेवला. त्या बुधवारी अकरा मिनिटंही झाली नाहीत.

चहा पिताना त्याने रिपोर्ट बघितले. मनगट जुळलेलं, घनता टिकलेली. दोन्ही खरे होते. "छान आहे की! गोळी सोडू नकोस. मग घराचं पुढच्या वर्षी बघू."

म्हणजे घर राहिलं. मशीन राहिलं. यासाठीच तर सात झगे उसवले होते. मावशीने "बरं" म्हटलं आणि त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

गुरुवारी सकाळी तो निघाला तेव्हा ती खाली सोडायला आली, आणि तिच्या अंगात तो कोट होता. मी जिन्याच्या वळणावरच्या खिडकीशी उभी होते. माझे डोळेच विस्फारले. न बदललेला कोट! पुढून घोट्यापर्यंत लोंबणारा, मागून वर चढलेला, मानेपासून सुटून उभी राहिलेली कॉलर. त्या कोटात ती जेवढी होती तेवढीच दिसत होती, दीड इंच कमी, पाठीला बाक आलेली. आंधळ्यालाही दिसलं असतं. कठडा धरून एकेक पायरी उतरताना पुढची कड तिने मुठीत उचलून धरली होती. खाली पोचल्यावर ती मूठ तिने सोडली.

गाडीचं दार उघडून मुलगा वळला. तिच्याकडे पाहिलं. वरून खालपर्यंत पाहिलं. मी श्वास धरला. पोट आत ओढून धरला.

"छान आहे कोट," तो म्हणाला. "नवीन घेतलास?"

"हो," मावशी म्हणाली.

"शोभतोय. चल, बुधवारी फोन करतो."

गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती उभी होती, खिडकीत उभी राहते तशीच. मग वर आली, प्रत्येक वळणावर थांबत. माझ्यापाशी आली. तोंडात आलेला प्रत्येक आवाज कुणा दुसऱ्याचाच होता.

"तू मुद्दाम घातलास," मी शेवटी म्हटलं. "हे चीटिंग आहे. तू मला जिंकवायला बघत होतीस."

"तरी हरलीस ना?"

"हरले."

"मग ऐक." दार उघडून तिने कोट काढला आणि टेबलावर पसरला. खडू घेतला, टेप घेतला, आणि पुढच्या कडेपासून दीड इंचावर रेघ ओढली, पट्टीने ओढावी इतकी सरळ. "जिन्यात तू हेडक्लार्कांचा आवाज काढ, पार्लरवालीचा काढ. माझा तर काढच, पण टाचण्या डावीकडे. त्याचा नाही काढायचा. पुन्हा कधी नाही."

मी कबूल केलं. पैज म्हणजे पैज.

आता बुधवारी सहाला मीही तिच्या खिडकीत असते. खाली अफवेत माझी भर पडली आहे, हेडक्लार्कांचा नवा अंदाजही तयार आहे, आणि मी तो त्यांच्याच आवाजात तिला ऐकवते. ती न वाकता हसायला शिकली आहे. मग कट्ट्यावरचा फोन वाजतो, आणि पुढची अकरा मिनिटं मी समोरच्या बंद शटरांकडे बघत गप्प राहते.